दप्तराची किल्ली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बृहन्महाराष्ट्राचा इतिहास असे भारदस्त विषय असताना ‘क्लाउडवर ठेवलेल्या फायलींचे दुवे यंत्राकरवी कसे तयार करावेत’ हा विषय काहीसा रूक्ष वाटेल, याची मला कल्पना आहे. तथापि कार्यकारिणीने तो मुद्दाम निवडला, आणि त्यामागे सबळ कारण आहे. आपल्या मंडळाचे पन्नास वर्षांचे दप्तर आता लोखंडी कपाटातून निघून संगणकात आले आहे. स्मरणिका, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची छायाचित्रे, हस्तलिखित अंक, सभावृत्तांत, देणगीदारांच्या याद्या असे सारे कागद तरुण मंडळींनी रात्री जागून स्कॅन केले. आता प्रश्न उरतो तो हे दप्तर कोणापर्यंत, किती आणि कोणत्या मार्गाने पोहोचवायचे, हा.

या प्रश्नाकडे केवळ सोयीच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी राहिलेल्या माणसाला त्याचे गाव, त्याचा वाडा, ग्रामदैवताचा उत्सव आणि शाळेचे हजेरीपट त्याच्या असण्याची साक्ष देतात. रेल्वे, बँका, सैन्यदले, सरकारी कारखाने यांत चाकरी करीत बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांची साक्ष कोण देणार? निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटते, शेजार पांगतो, मुले परमुलखी जातात. अशा एखाद्या कुटुंबाने या गावी दहा वर्षे काढली, त्यांच्या आजीने इथे भोंडल्याची गाणी सांगितली, आईने नाटकात काम केले, याचा लेखी पुरावा पुष्कळदा मंडळाच्या स्मरणिकेतच काय तो असतो. तो त्या कुटुंबापर्यंत पोहोचला नाही, तर स्कॅन करण्याचा सारा खटाटोप व्यर्थ गेला असे होईल. उलट, नको तो कागद नको त्या हाती पडला, तर ज्यांनी विश्वासाने आपली माहिती मंडळाकडे दिली त्यांच्याशी प्रतारणा होईल. या दोहोंमधून वाट काढणे हाच आजच्या विषयाचा गाभा होय.

मराठी माणसाला हा पेच अगदीच नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. घरोघरी पडून असलेली दप्तरे मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. कागद जपून ठेवणे आणि तो अभ्यासकांसमोर आणणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे झाल्याखेरीज पहिल्याला पूर्णत्व नाही, हे त्यांच्या आयुष्याने आपल्याला शिकवले. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर तंजावरला, 1798 ते 1832 या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही उभा आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद त्याने सांभाळले. असा कोणताही संग्रह पाहिला म्हणजे तीन गोष्टी ध्यानात येतात. संग्रह टिकायला जागा लागते, उपयोगी पडायला सूची लागते, आणि आतले बाहेर देण्याला नियम लागतो. क्लाउड ही झाली जागा. दुव्यांचा तक्ता ही झाली सूची. परवानगी हा झाला नियम. आजचा सारा विषय या तीन शब्दांत मावतो.

प्रथम जागेविषयी. ‘क्लाउड’ हे नाव थोडे फसवे आहे. आकाशात काहीच नसते. एखाद्या कंपनीच्या मालकीच्या, जमिनीवर बांधलेल्या प्रचंड दालनांत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात, आणि आपण पाठवलेल्या फाइलच्या प्रती त्यांत ठेवल्या जातात. ॲमेझॉनने 2006 साली अशी साठवण भाड्याने देण्यास प्रारंभ केला, ड्रॉपबॉक्स 2008 साली सर्वांना खुले झाले, आणि गूगल ड्राइव्ह एप्रिल 2012 मध्ये आले. आपण बँकेत लॉकर घेतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच की या लॉकरला एकाच वेळी शेकडो किल्ल्या करता येतात, आणि त्या क्षणार्धात जगाच्या पाठीवर कुठेही पाठवता येतात.

ती किल्ली म्हणजे दुवा, ज्याला आपण व्यवहारात लिंक म्हणतो. गूगल ड्राइव्हवर प्रत्येक फाइलला अक्षरांची एक लांबलचक खूण मिळते, आणि ती खूण गुंफलेला पत्ता म्हणजे त्या फाइलचा दुवा. या खुणेत फाइलचे नाव नसते किंवा ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे तेही नसते. म्हणूनच फाइलचे नाव बदलले वा ती एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तरी दुवा तोच राहतो. ही खूण अंदाजाने ओळखता येण्याजोगी नसते. मात्र ज्याच्या हाती ती पडली, तो ती पुढच्याच्या हाती देऊ शकतो.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुष्कळ घोटाळे तो न समजल्यामुळे होतात. दुवा असणे आणि परवानगी असणे या दोन गोष्टी आहेत. फाइलची परवानगी ‘मर्यादित’ असेल, तर दुवा हाती येऊनही दार उघडत नाही. पाहणाऱ्याने आपल्या नावाने आत येऊन आपण यादीतले आहोत हे सिद्ध करावे लागते. ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो कोणीही’ अशी परवानगी दिली, की मग नाव विचारले जात नाही. पत्ता हीच किल्ली होते. व्हॉट्सॲपच्या एका गटातून दुसऱ्या गटात दुवा सरकवणे म्हणजे मग किल्लीची आणखी एक प्रत काढून देणे. तो एखाद्या सार्वजनिक पानावर छापला गेला, तर शोधयंत्रांनाही सापडू शकतो. याखेरीज आत आलेल्याने काय करावे याचेही तीन दर्जे आहेत: नुसते पाहावे, टिप्पणी लिहावी, की मजकूर बदलावा. दप्तराच्या बाबतीत पहिल्या दर्जापलीकडे कोणाला जाऊ देण्याचे काही कारण नाही. पाहण्याची परवानगी दिल्यावर प्रत उतरवण्याची मुभा बंद करता येते. पण पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. तेव्हा जे एकदा दाखवले ते दिलेच, असे समजून चालावे.

आता यंत्राची गरज कुठे येते ते पाहू. समजा, चारशे फायली आहेत. हाताने काम करायचे तर प्रत्येक फाइल शोधावी, तिची शेअर करण्याची चौकट उघडावी, परवानगी बदलावी, दुवा उचलावा, तक्त्यात योग्य ओळीवर ठेवावा, चौकट बंद करावी. चारशे फायलींसाठी ही दोन हजारांहून अधिक कृत्ये होतात. माणूस पन्नासाव्या फाइलपाशी कंटाळतो. शंभराव्या फाइलपाशी 1986 च्या स्मरणिकेचा दुवा 1987 च्या ओळीवर चिकटवतो, आणि ते वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. असले एकसुरी काम यंत्रावर सोपवणे हेच शहाणपणाचे. यंत्राला कंटाळा नाही. पण यंत्राला विचारही नाही. चारशे दारे त्याला उघडायला सांगितली तर ते चारशेही उघडील. त्यातले एखादे माजघराचे आहे, हे त्याला कळणार नाही.

हे काम करण्याची साधने अनेक आहेत. गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांसाठी ‘ॲप्स स्क्रिप्ट’ नावाची सोय 2009 पासून उपलब्ध आहे. तिच्यात पंधरावीस ओळींची एक आज्ञावली लिहिली, की ती गूगलच्याच संगणकावर चालते. आपल्या घरचा संगणक चालू ठेवावा लागत नाही. त्या आज्ञावलीचा क्रम साध्या मराठीत असा सांगता येईल: अमुक फोल्डर उघड, त्यातील फायली एकेक करून घे, प्रत्येकीला ‘दुवा असणाऱ्याला केवळ पाहता येईल’ अशी परवानगी दे, तिचा पत्ता विचारून घे, आणि तक्त्यात नव्या ओळीवर फाइलचे नाव, वर्ष, पत्ता व आजची तारीख लिही. या आज्ञावलीला वेळ नेमून देता येते; म्हणजे रोज रात्री दोन वाजता तिने फोल्डर तपासावे आणि नव्याने आलेल्या फायलींपुरतेच काम करावे, अशी तजवीज होते. एका बैठकीत तिला सुमारे सहा मिनिटेच काम करता येते. म्हणून संग्रह मोठा असेल, तर कोठपर्यंत काम झाले याची नोंद ठेवून पुढच्या खेपेस तेथूनच सुरुवात करण्याची सूचना आज्ञावलीत असावी लागते. आपल्या कारकुनी भाषेत सांगायचे, तर तारीजपत्रक रोजच्या रोज मिटवून मगच दिवा मालवायचा.

ज्यांना आज्ञावली लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी झॅपियर, मेक यांसारख्या सेवा आहेत. त्यांत चौकटीला चौकट जोडून ‘या फोल्डरमध्ये फाइल आली की तिचा दुवा करून त्या तक्त्यात लिही’ असे सांगता येते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर संग्रह असेल तर पॉवर ऑटोमेटमध्ये शेअर करण्याचा दुवा तयार करणारी आयती पायरी मिळते. आज्ञा टंकून काम करणाऱ्या जाणत्यांसाठी आरक्लोन नावाचे विनामूल्य साधन आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या साठवणींशी ते एकाच भाषेत बोलते, आणि ज्या साठवणी सोय देतात त्यांच्यावर दुवा तयार करणे, त्याला मुदत घालणे किंवा तो रद्द करणे त्याला जमते. साधन कोणतेही निवडा, त्याला आपल्या संग्रहात शिरण्याचा अधिकार द्यावा लागतो, आणि येथेच पहिले सावधपण हवे. साधन जेव्हा संमती मागते तेव्हा ते नेमके काय मागत आहे हे वाचावे. ‘आपल्या सर्व फायली पाहणे, बदलणे आणि पुसणे’ एवढा मोठा अधिकार मागणाऱ्या अनोळखी साधनाला मंडळाच्या मुख्य खात्याची किल्ली देऊ नये. काम संपल्यावर तो अधिकार काढून घेण्याची सोय खात्याच्या सुरक्षाविभागात असते, ती वापरावी.

दुसरे सावधपण फोल्डरच्या बाबतीत. फोल्डरला दिलेली परवानगी त्याच्या आतील सर्व फायलींकडे वारशाने जाते, आणि उद्या त्यात टाकलेल्या फाइललाही लागू होते. आज ज्या फोल्डरमध्ये केवळ स्मरणिका आहेत, त्यात पुढील वर्षीच्या चिटणिसांनी घाईघाईत सभासदांच्या दूरध्वनींची यादी ठेवली, तर ती त्याच क्षणी खुली होईल, आणि कोणी काही चूक केली असे कोणास वाटणारही नाही. तिसरे सावधपण पुनरुक्तीचे. एकच आज्ञावली दोनदा चालली तर तक्त्यात एका फाइलच्या दोन ओळी होऊ नयेत. ड्रॉपबॉक्स तर आधी दुवा असलेल्या फाइलसाठी पुन्हा त्याच प्रकारचा दुवा मागितला की ‘तो आधीच अस्तित्वात आहे’ असे सांगून नकार देते; साधनाने अशा वेळी न अडखळता जुनाच दुवा विचारून घ्यावा. चौथे सावधपण शिष्टाचाराचे म्हणावे लागेल. नावानिशी परवानगी देताना गूगल ज्याला परवानगी दिली त्याला कळवणारे ई-मेल पाठवते. चारशे फायली एकेका सभासदाला दिल्या तर त्याला चारशे पत्रे जातील. ही पत्रे न पाठवण्याची सूचना आज्ञावलीत देता येते. ती अवश्य द्यावी. अन्यथा सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छांऐवजी राजीनामे येतील!

परंतु या सर्व सावधगिरीच्या आधी करावयाचे एक काम असे आहे, की ते कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही. जुन्या दप्तरखान्यांत कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवीत. आपणही यंत्र चालू करण्यापूर्वी आपले तीन रुमाल बांधले पाहिजेत.

पहिला रुमाल सर्वांसाठी खुल्या कागदांचा: कार्यक्रमपत्रिका, उत्सवांची वृत्ते, संमती मिळालेले लेख, मंडळाच्या वास्तूची छायाचित्रे. यांचे दुवे यंत्राने निःशंकपणे करावेत.

दुसरा रुमाल सभासदांसाठी: कौटुंबिक छायाचित्रे, मुलांच्या स्पर्धांची चित्रे, सभासदांचे परिचय, वार्षिक हिशेब. यांच्यासाठी एक ई-मेल गट करावा आणि फायलींची परवानगी त्या गटाला द्यावी. सभासद आला की त्याचे नाव गटात घालावे, गेला की काढावे. चारशे फायलींना पुन्हा हात लावावा लागत नाही. ज्या ज्येष्ठांना अशा खात्याने आत येणे जमत नाही, त्यांना कार्यालयातून छापील प्रत द्यावी. यंत्राच्या नावाखाली कोणी आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर राहू नये.

तिसरा रुमाल बंद कागदांचा: वधूवरसूचीचे अर्ज, पत्ते व दूरध्वनी, अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना दिलेल्या मदतीची नोंद, वादाचे सभावृत्तांत. यांचे दुवे करूच नयेत, आणि आज्ञावलीला ज्या फोल्डरमध्ये शिरण्याची मुभा आहे, त्या फोल्डरच्या आसपासही हा रुमाल ठेवू नये. शक्य तर तो निराळ्या खात्यातच असावा.

कोणी म्हणेल, यातील पुष्कळसा मजकूर जुन्या स्मरणिकांतून छापून आलेलाच आहे. मग आता आडपडदा कशाला? या आक्षेपाचा मी गांभीर्याने विचार केला आहे. 1983 सालच्या स्मरणिकेत सभासदांचे पत्ते छापले, तेव्हा त्या स्मरणिकेच्या प्रती आपल्याच ओळखीच्या घरांत जाणार होत्या. चावडीवर सांगितलेली गोष्ट आणि दवंडी पिटून सांगितलेली गोष्ट यांत फरक आहे, शब्द तेच असले तरी. ज्या गृहिणीने पत्ता दिला, तिने तो दिवाळीच्या फराळाचे आमंत्रण यावे म्हणून दिला होता. जगातील कोणाही अनोळखी माणसाने तो वाचावा म्हणून दिला नव्हता. आपल्या संसदेनेही 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी हे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. कायदा नसता तरी आपल्या घरंदाजपणाने आपल्याला हेच सांगितले असते.

लेखक-कवींचाही हक्क येथे येतो. 1957 च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. आपले मंडळच पन्नास वर्षांचे, तेव्हा आपल्या स्मरणिकेसाठी ज्या सभासदांनी कविता, कथा, प्रवासवर्णने लिहिली, त्यांच्या लेखनावरील हक्क अजून जिवंत आहे. छापण्यासाठी दिलेली संमती जगभर खुले करण्याची संमती ठरेल असे गृहीत धरू नये. त्या लेखकांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना एक पत्र टाकावे. एरवीही हे पत्र टाकण्याजोगेच आहे. वीस वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या कुटुंबाला आपल्या आईची कथा अजून कोणी वाचते हे कळले, तर संमतीबरोबर जुनी छायाचित्रेही येतील, असा माझा विश्वास आहे.

आता दुव्यांच्या आयुष्याविषयी. कागदावर छापलेली ओळ शंभर वर्षे टिकते. दुव्याचे तसे नाही. ड्रॉपबॉक्सच्या सार्वजनिक फोल्डरमधले दुवे असंख्य लोकांनी वर्षानुवर्षे वापरले. 2017 साली कंपनीने ती सोय बंद केली आणि ते दुवे निकामी झाले. गूगलने सप्टेंबर 2021 मध्ये सुरक्षेसाठी काही जुन्या फायलींच्या पत्त्यांना आणखी एक किल्ली जोडली. ज्यांनी त्या फायली पूर्वी पाहिल्या नव्हत्या, त्यांना जुन्या पत्त्यावर परवानगी मागावी लागू लागली. गूगलचीच लांब पत्ते आखूड करून देणारी सेवा 2019 साली नव्या कामासाठी बंद झाली, आणि तिने दिलेल्या जुन्या आखूड पत्त्यांपैकी जे वापरात नव्हते, त्यांना 2025 साली निरोप मिळाला. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घरमालकाचे नियम बदलतात हे जाणूनच खिळे ठोकावेत.

यावर उपाय आहे. स्मरणिकेत क्लाउडचा थेट दुवा छापू नये. मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक सूचीचे पान असावे, आणि छापील पानावर केवळ त्या सूचीचा पत्ता व क्यूआर कोड द्यावा. आतील दुवे बदलले तर सूचीत बदलता येतील. छापील पानाला धक्का लागणार नाही. आज्ञावलीने दर महिन्यास प्रत्येक दुवा उघडून पाहावा आणि जो उघडत नाही त्याच्यापुढे खूण करावी. सुधारलेला स्कॅन चढवताना जुनी फाइल पुसून नवी ठेवू नये, कारण नव्या फाइलला नवी खूण मिळते आणि जुना दुवा अनाथ होतो. ड्राइव्हमध्ये त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवण्याची सोय आहे, तिने दुवा कायम राहतो. वार्षिक सभेच्या कागदपत्रांसारखे जे दुवे थोडे दिवसच हवेत, त्यांना मुदत घालावी. ॲमेझॉनच्या साठवणीत स्वाक्षरी केलेला दुवा जास्तीत जास्त सात दिवस चालतो. ड्रॉपबॉक्सच्या काही सशुल्क योजनांत मुदत व पासवर्ड दोन्ही घालता येतात. जिथे अशी सोय नाही, तिथे अमुक तारखेनंतर परवानगी काढून घे, अशी आज्ञा यंत्रालाच द्यावी. दार उघडण्याची आज्ञा जो लिहितो, त्याने मिटण्याचीही आज्ञा त्याच बैठकीत लिहावी.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत नाजूक. हे सारे दप्तर कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ संस्थांत असे घडते, की एखादा उत्साही चिटणीस आपल्या वैयक्तिक खात्यात सर्व फायली ठेवतो. त्याचा हेतू निर्मळच असतो. पुढे त्याची बदली होते, दूरध्वनीचा क्रमांक बदलतो, आणि खाते उघडण्यासाठी लागणारा ओटीपी जुन्या क्रमांकावर जाऊन पडतो. दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते आतील सामग्रीसह पुसून टाकण्याचा अधिकार गूगलने आपल्याकडे ठेवला आहे, आणि डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. खाते गेले की चारशे दुवे एका रात्रीत मुके होतील. म्हणून खाते मंडळाच्या नावाचे असावे; पुन्हा प्रवेश मिळवण्याचा दूरध्वनी व ई-मेल दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत; नोंदणीकृत संस्थांसाठी ज्या योजना असतात त्यांतील ‘शेअर्ड ड्राइव्ह’ मिळत असेल तर तो घ्यावा, कारण त्यातील फायली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात. आणि नवी कार्यकारिणी सूत्रे स्वीकारते तेव्हा शिक्का, पावतीपुस्तक आणि बँकेचे पासबुक यांच्याबरोबर या खात्याचाही ताबा लेखी नोंदीसह द्यावा. यंत्राची आज्ञावली कोणत्या खात्याखाली चालते हेही त्या नोंदीत असावे. ती जुन्या चिटणिसांच्या खात्याखाली चालत राहिली, तर ते बिचारे बदलीच्या गावी झोपलेले असताना त्यांच्या नावाने आपली दारे उघडत राहतील.

सभेपुढे माझी विनंती एवढीच आहे. वर सांगितलेले तीन रुमाल बांधण्यासाठी तीन सभासदांची एक छोटी समिती नेमावी. त्यांत एक संगणक जाणणारा, एक जुन्या सभासदांना नावानिशी ओळखणारा आणि एक स्त्रीसभासद असावी, कारण घराघरांतील कोणती गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यावी याचे तारतम्य स्त्रियांना अधिक असते, असा अनुभव आहे. समितीने होकार दिलेलीच फाइल ‘प्रकाशनास सिद्ध’ या फोल्डरमध्ये जावी, आणि यंत्राला केवळ त्याच फोल्डरची वाट माहीत असावी. कोणा कुटुंबाने एखादे छायाचित्र वा मजकूर मिटवण्याची विनंती केली, तर कारण न विचारता आठ दिवसांत तो दुवा बंद करावा. आणि संग्रहाची एक पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर उतरवून कार्यालयाच्या कपाटात ठेवावी. जग कितीही बदलले तरी घरात एक जुनी ट्रंक असणे बरे.

आपल्या भाषेत दुवा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक साखळीतल्या कडीचा, आणि दुसरा आशीर्वादाचा. पन्नास वर्षांत या मंडळातून गेलेली कुटुंबे आज देशाच्या चारी कोपऱ्यांत आणि परदेशी विखुरली आहेत. त्यांच्यापैकी एखादीच्या हाती आईच्या नाटकाचे छायाचित्र घरबसल्या यावे, आणि दुसऱ्या एखादीची खाजगी व्यथा आपल्याकडून कोणापुढे उघडी पडू नये, एवढे आपण साधले, तर या यंत्राने केलेल्या पहिल्या प्रकारच्या दुव्यांतून दुसऱ्या प्रकारचे दुवेही मंडळाला मिळतील.

 मंडळाच्या शताब्दीला जे या व्यासपीठासमोर बसतील, त्यांना आपले दप्तर शाबूत आणि आपला शब्द राखलेला मिळो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.